टीम म्हणायचे तर जोखीमही वाटा

वार्षिक मेळाव्यात सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट वाटायचे, मंचावर एखाद्या निवृत्त क्रिकेटपटूला बोलवायचे, त्याने ड्रेसिंग रूममधले दोन-चार किस्से सांगायचे आणि शेवटी एचआरच्या प्रमुखांनी ‘आपणही एक टीमच आहोत’ असे म्हणून टाळ्या घ्यायच्या. हा सोहळा आता आयटी कंपन्यांपासून पतसंस्थांपर्यंत सगळीकडे होतो. पुढच्याच महिन्यात अप्रेझल लागते. मग याच ‘टीम’ला बेल कर्व्हवर बसवले जाते आणि काम सगळ्यांनी चोख केलेले असले, तरी कोणाच्या तरी पदरात तळाचे रेटिंग टाकावेच लागते. टी-शर्ट तोवर गाडी पुसायला गेलेला असतो.

खेळाच्या संघाकडून कार्यालयांनी शिकावे, हे मला मान्य आहे. पण सध्या जे शिकवले जाते ते भलतेच आहे.

पहिला समज असा, की संघाची मूल्ये भाषणांतून आणि घोषवाक्यांतून घडतात. याचा फार समाचार घ्यायची गरज नाही. भिंतीवर ‘सचोटी’ लिहिल्याने सचोटी येत असती, तर आपली सरकारी कार्यालये देवळे झाली असती.

दुसरे मत अधिक चलाख आहे. नेटफ्लिक्सने 2009 मध्ये आपल्या कार्यसंस्कृतीचे सादरीकरण जगजाहीर केले. त्याचा रोख असा होता, की कंपनी म्हणजे कुटुंब नव्हे, व्यावसायिक क्रीडासंघ आहे. प्रत्येक जागी उत्तम खेळाडूच हवा, बाकीच्यांना चांगली रक्कम देऊन निरोप द्यावा. आपल्याकडच्या व्यवस्थापकांनी यातला ‘निरोप द्यावा’ तेवढा उचलला. आता व्यावसायिक संघ खरोखर कसा चालतो ते पाहू. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जातो. हा वाटा खेळाडूंची संघटना वाटाघाटी करून ठरवते. करारात हमी असेल, तर खेळाडूला मध्येच सोडले तरी संघाला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. म्हणजे काढून टाकण्याचा अधिकार आहे, आणि त्याची किंमतही आहे. आपल्या ‘हाय परफॉर्मन्स टीम’मध्ये संघटनेचे नाव काढणाऱ्याकडे कसे पाहिले जाते, हे मी सांगायला नको.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. खेळाडू काय साधुसंत असतात? मार्च 2018 मध्ये केपटाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या संघाने सँडपेपरने चेंडू घासला, तेव्हा कुठे गेली होती मूल्ये? प्रश्न रास्त आहे. पण पुढे काय झाले तेही बघावे. स्मिथ आणि वॉर्नरवर एक वर्षाची, तर बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची बंदी आली. आपल्या कंपन्यांत प्रकरण इथेच मिटले असते. तिघे दोषी, फाइल बंद. तिकडे मात्र क्रिकेट मंडळाच्याच कारभाराचा बाहेरून आढावा घेतला गेला. किमतीची पर्वा न करता जिंकण्याची जी संस्कृती पोसली, तिला मंडळही जबाबदार असल्याचे ऑक्टोबरमधल्या अहवालाने म्हटले, आणि अहवाल बाहेर आल्याच्या आठवड्यातच अध्यक्ष डेव्हिड पीव्हर यांना पायउतार व्हावे लागले. खेळाडू सज्जन असतात असा माझा दावाच नाही. चुकीचा हिशेब वरपर्यंत जाऊ शकतो, एवढेच मला त्यातून घ्यायचे आहे.

आणि जोखीम वाटून घेण्याचा हिशेब सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो आपल्या कबड्डीत. चढाईपटू आत येतो. उजव्या कोपऱ्यावरचा गडी त्याच्या घोट्याला झेपावतो. त्या क्षणी शेजारच्या मध्यरक्षकापुढे दोन वाटा असतात. बाजूला उभे राहावे, म्हणजे पकड फसली तर कोपऱ्यावरचा एकटाच बाद होईल. नाहीतर अंगावर झेप घ्यावी. मग चढाईपटू कसाबसा मध्यरेषेला पोचलाच, तर ज्यांचा-ज्यांचा स्पर्श झाला ते सगळे बाहेर. पकड जमली तर संघाला एरवी गुण मिळतो एकच, मग चौघे धावोत की पाच जण. तरीही चांगल्या संघात मागचे कोणी घुटमळत नाही, कारण घुटमळणारा सगळ्यांना दिसतो. आणखी एक गंमत बघा. समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी परत आत येतो, पण ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. तुमचा हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला असेल, तर आधीच्या दोघांना जिवंत केल्याशिवाय तो मिळत नाही. ते दोघे कितीही सामान्य असोत.

कार्यालयात सहकाऱ्याच्या बुडत्या प्रोजेक्टमध्ये उडी घेणाऱ्याचे काय होते? स्वतःचे काम मागे पडते, रेटिंग घसरते, आणि श्रेय कोणाच्या नावावर जाते ते विचारूच नका. शहाणा माणूस मग ईमेलमध्ये सीसी राहतो आणि गंमत बघतो. दोष त्याचा नाही, नियमांचा आहे. बेल कर्व्हवरची अशी क्रमवारी वर्षानुवर्षे राबवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेही 2013 मध्ये ती मोडीत काढली.

म्हणून शिकायचेच असेल तर राहुल द्रविडकडून शिकावे, आणि तेही त्याच्या भाषणातून नव्हे. 2018 मध्ये पृथ्वी शॉच्या संघाने 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकला. बीसीसीआयने मुख्य प्रशिक्षक द्रविडला 50 लाख, खेळाडूंना प्रत्येकी 30 लाख आणि इतर प्रशिक्षक, फिजिओ वगैरे मंडळींना 20-20 लाख जाहीर केले. हा भेद त्याला पटला नाही आणि तसे त्याने बोलून दाखवले. अखेर त्याच्यासह सगळ्या सहायक चमूला प्रत्येकी 25 लाख मिळाले. त्याचे 25 लाख गेले, हा यातला मुद्द्याचा भाग. ‘टीमवर्क’ शब्द वापरणाऱ्या किती संचालकांनी बोनसच्या यादीवर अशी हरकत घेतली आहे?

यावर उत्तर येईल, की इतके उदार होणे कंपन्यांना परवडत नाही. नसेल परवडत. मग टीम म्हणू नये, नोकरी म्हणावे. ठरलेले काम, ठरलेला पगार, वेळेवर सुट्टी आणि संध्याकाळी सात नंतर फोन नाही, या व्यवहारातही कमीपणा काही नाही. उलट त्यात कोणी कोणाला फसवत नाही. पण शनिवारी रात्री ‘टीमसाठी’ थांबायला लावायचे आणि मार्चमध्ये ज्याला-त्याला एकटे उभे करायचे, हे दोन्ही एकदम चालायचे नाही.