डोळा एक, मापें अनेक

वाढत्या वयांत होणाऱ्या नेत्रविकारांपैकीं मोतीबिंदूची ओळख आमच्या वाचकांस पुष्कळ आहे. परंतु डोळ्याच्या आंतील पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, विकारांविषयीं घरोघरीं अद्याप फारशी माहिती नसते. चष्मा लावून तक्त्यावरील शेवटची ओळ वाचतां आली कीं डोळा चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वीं खरा नाहीं. पीतबिंदूच्या ऱ्हासांत अगदीं मध्यावरील इवलासा भाग शाबूत राहून सभोंवारचा भाग निकामी झालेला असूं शकतो. अशा रुग्णास सुटीं अक्षरें दिसतात, पण पोथी वाचतांना अर्धा शब्दच नाहींसा होतो. आणि घरच्या मंडळींस वाटतें, आजीचें लक्ष नाहीं!

दृष्टीचें क्षेत्र मोजण्यासाठीं १९४५ सालीं बर्न येथील हान्स गोल्डमन यांनीं अर्धगोलाकार पात्राचें यंत्र तयार केलें. पुढें तेंच काम संगणकाच्या साहाय्यानें करणारें हम्फ्री यंत्र आलें. काचबिंदूच्या रुग्णांस त्याचा फार उपयोग होतो. परंतु रुग्णाची नजर मध्यबिंदूवर स्थिर आहे, हें त्यांत गृहीत धरावें लागतें. ज्याच्या पडद्याचा मध्यच बिघडला, त्याची नजर तेथें ठरावी कशी? तो नकळत पडद्याच्या दुसऱ्या चांगल्या जागेनें पाहूं लागतो. ही अडचण मायक्रोपेरीमीटर या यंत्रानें दूर केली. हें यंत्र अवरक्त प्रकाशानें पडदा सतत पाहत असतें आणि डोळा हलला कीं प्रकाशाचा ठिपकाही त्याच्याबरोबर हलवितें. त्यामुळें पडद्याच्या नेमक्या कोणत्या जागेस किती मंद प्रकाश जाणवतो, हें कळतें.

येथें मात्र एक मेख आहे. ही संवेदना 'डेसिबल' या मापांत लिहितात, आणि हें माप ज्या त्या यंत्राच्या सर्वांत प्रखर ठिपक्यापासून मोजलेलें असतें. त्या ठिपक्यास शून्य धरावयाचें. प्रकाश दहापट कमी केला कीं १० डेसिबल, शंभरपट कमी केला कीं २०. निडेक कंपनीच्या जुन्या एम.पी.-१ यंत्राचा सर्वांत प्रखर ठिपका ४०० अपोस्टिल्बचा. सेंटरव्ह्यूच्या माइआ यंत्राचा १०००चा. हम्फ्रीचा तर १०,०००चा. म्हणजे ४ अपोस्टिल्बचा एकच प्रकाश एम.पी.-१ वर २० ठरतो, तर माइआवर सुमारें २४! पूर्वीं एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेराशीं जुळत नसे, तशांतलाच हा प्रकार.

मग चार मिळविले कीं झालें, असें कोणी म्हणेल. तेंही बरोबर नाहीं. एम.पी.-१ चें माप २० वरच संपतें, माइआचें ३६ पर्यंत जातें; म्हणजे माइआ सुमारें सोळापट अधिक मंद ठिपका दाखवूं शकतें. निरोगी पडदा पहिल्या यंत्रावर सहज २० गांठतो. म्हणून तेथें पूर्ण गुण मिळाले तरी आरंभींचा बिघाड झांकलेला राहूं शकतो. ठिपका उजळण्याची व मंद करण्याची रीतही प्रत्येक यंत्राची निराळी असते.

आतां आमचें सांगणें एवढेंच. एका दवाखान्यांत १६ आणि सहा महिन्यांनीं दुसरीकडे २० असा आंकडा आला, तर औषधास गुण आला म्हणून पेढे वांटूं नयेत. उलट झालें तर धीरही सोडूं नये. आधीं यंत्र तेंच होतें काय, हें पाहावें. शक्य तोंवर तपासणी एकाच यंत्रावर व त्याच बिंदूंवर व्हावी. प्रत्येक कागद जपून ठेवावा आणि दवाखाना बदलल्यास तो नव्या डॉक्टरांस दाखवावा. पहिल्या खेपेस वृद्ध माणूस बटण दाबण्यास बुजतो. म्हणून पहिला आंकडा सरावाचा समजून दुसऱ्यापासून तुलना केलेली बरी. आणि एखाद्या बिंदूवर शून्य किंवा त्याहून कमी आंकडा दिसला, तर तेथें काळोखच आहे असें नव्हे. त्या यंत्राच्या मापाचा तो शेवट आहे. त्यापुढें डोळ्यांत किती उजेड उरला आहे, हें आजीस पोथी वाचतांना शेजारीं बसूनही थोडेंबहुत कळतें.