पुण्य तुमचं, जुलाब त्याचे

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचा मोती जिन्याखाली पडला होता. पाठ कमानीसारखी वाकलेली, पिवळी ओकारी, जिनाभर घाण. आदल्या संध्याकाळी तीन मजल्यांवरच्या भाविकांनी त्याला पेढे भरवले होते. का, तर दत्ताच्या पायाशी कुत्री असतात! सकाळी त्याच भाविकांची सेक्रेटरीकडे तक्रार: 'या कुत्र्याला हाकला.'

'कुत्र्याला तूप पचत नाही' ही म्हण माणसांना हिणवायला आपल्याला बरोब्बर आठवते. खरं कुत्रं समोर आलं की आपण ती विसरतो.

आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या पोटातलं लॅक्टेज कमी होत जातं. मग दुधातली साखर पचत नाही, आतड्यात आंबते आणि जुलाब होतात. खवा म्हणजे तेच दूध आटवलेलं; पाणी उडालं, साखर आणि स्निग्धांश उरले. त्यात वरून आपली साखर. श्रीखंडाचे वकील सांगतील, चक्क्यातून पाणी निथळतं, लॅक्टोज कमी होतं. खरं आहे. पण साखर, स्निग्धांश आणि जायफळ कुठे निथळतं? असल्या तुपट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जीवही घेऊ शकते. बासुंदीतल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि 'शुगर-फ्री' मिठाईत झायलिटॉल असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धाडकन खाली येते.

हिशेबच हवा? 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. त्यात खाऊ 10 टक्के, म्हणजे 60. पंचवीस ग्रॅमचा एक पेढा 100 च्या घरात जातो. मोतीने किती खाल्ले, ते दत्तालाच ठाऊक.

'आमचा टॉमी वर्षानुवर्षं खातो, काही होत नाही!' होत नसेल. काहींना थोडं पचतं. पण हलणारी शेपूट हा पोटाचा दाखला नव्हे.

तरी कुणीतरी नामदेवांना मध्ये आणतंच. ते तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते ना? धावले, कारण त्यांना त्याच्यात विठ्ठल दिसला. मोतीला दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधत मी आणि वॉचमन धावलो, तेव्हा पेढेवाल्यांची दारं बंद होती.

प्रसाद तुम्हीच खा. मोतीसाठी जिन्याखाली पाण्याचं भांडं ठेवा आणि थंडीत एक गोणपाट टाका. दत्त रागावणार नाही.