फुलांसोबत हवेचंही भाडं

जानेवारी सरत आला की पवन मावळात आणि तळेगावात पॉलिहाऊसवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. १४ फेब्रुवारीआधी गुलाब परदेशी पोचायला हवेत. दांडीच्या लांबीप्रमाणे निवडलेल्या जुड्या खोक्यांत भरून, शीतगाडीतून लोणावळ्याचा घाट उतरून मुंबई विमानतळावर जातात आणि खरं गणित तिथे सुरू होतं. विमान कंपनी खोकं काट्यावर घालते, तसं ते किती जागा अडवतं हेही पाहते. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणायची, ६००० ने भागायचं. वजनाहून हा आकडा मोठा निघाला तर भाडं त्यावर. समजा, १०० बाय ४० बाय ३० चं खोकं १४ किलो भरलं, तरी बिल २० किलोंचं. कंपनीचंही चुकत नाही. विमान उडालं की रिकामी राहिलेली जागा कायमची बुडीत. म्हणून तोल सांभाळून जड मालाबरोबर हलका माल घेतला, तरच जागा आणि वजनमर्यादा दोन्ही वसूल होतात. ही सांगड घालणारा एजंट चाकणचे यंत्रभाग आणि मावळचे गुलाब एकत्र बुक करून भाडं वाचवू शकतो; एकट्यादुकट्या शेतकऱ्याला त्यातला वाटा मागता येत नाही. तेव्हा उत्पादकांनी गटाने, हंगामाआधीच जागेचा सौदा करावा आणि खोक्यातली पोकळी कमी करावी. युरोपातला दर आपल्या हातात नाही, खोक्याची उंची आहे.