गप्प बसलेला ससा रमलेला नसतो

घर बदललं, रंगकाम काढलं, लग्न निघालं किंवा लेक बाळंतपणाला माहेरी आली, की पाळलेल्या सशाचा पिंजरा सगळ्यांत आधी हलतो आणि सगळ्यांत शेवटी आठवतो. कुणी हटकलंच तर आपल्या बिदर भागात, भालकी-औरादकडे उत्तर ठरलेलं: "मुका जीव तो, त्याला काय कळतंय? चार दिवसांत रमतंय की." वर पुरावाही दाखवतात. बघा, कसा कोपऱ्यात गप्प बसलाय!

हा पुरावाच उलटा आहे. कुत्रा घाबरला तर भुंकतो, मांजर फिस्कारतं. ससा जागच्या जागी थिजतो. शिकाऱ्याला दुबळेपणा दिसू नये म्हणून तो दुखणंसुद्धा लपवतो. कान पाठीला चिकटलेले, डोळे विस्फारलेले, अंग आखडलेलं, श्वास भरभर चाललेला, असा ससा भेदरलेला असतो. रमलेला ससा पाय पसरून लोळतो, मन लावून खातो. मुलं त्याला उताणं धरून पोट चोळतात आणि तो निपचित पडला की "झोपला, झोपला" म्हणून टाळ्या पिटतात. हा खेळ आजच थांबवा. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर येणारी बधिरता आहे ती. "आभाळ पडलं, पळा पळा" म्हणत आपण पिढ्यान्पिढ्या सशाच्या भित्रेपणाला हसत आलो. पण ज्याला कोल्ह्यापासून गरुडापर्यंत सगळे खातात, त्याची जात टिकली ती या दचकण्यामुळेच.

राहिले ते चार दिवस. सशाला तेवढी सवड नसते. त्याचं पोट दिवसभर थोडं थोडं गवत खाण्यावर चालतं. भीतीने खाणं सुटलं की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, दुखण्याने खाणं आणखी सुटतं. त्याला ओकताही येत नाही. दिवसभरात हे जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात काही बदललं की आधी लेंड्या बघा. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा अर्धा दिवस त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नका. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बिदरला आहे. इथल्या माणसांनी तरी जनावराच्या दुखण्याला "बघू सकाळी" म्हणू नये.

सशाचं घर वासाचं असतं. हनुवटीखालच्या ग्रंथी वस्तूंवर घासत तो आपली जागा खुणावतो. आपण मात्र वास्तुशांतीच्या उत्साहात पिंजरा फिनेलने धुतो, जुनं गवत फेकतो, नवं भांडं आणतो, वर त्यालाही आंघोळ घालतो. सगळं प्रेमानेच, पण त्या प्रेमात त्याची एकूण एक ओळखीची खूण पुसली जाते. त्याचं मळकं गोणपाट न धुता नव्या घरी न्या. दोन बाजूंनी दार कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं लपायला द्या. सुरुवातीला एकच लहान खोली, तेच गवत, तीच वेळ, शक्यतो तोच हात. जोडी असेल तर एकाच खोक्यातून न्या. वरात दारावरून जाणार असेल तर त्याला आतल्या खोलीत ठेवा. आंघोळ तर कधीच नको.

आपल्याकडे घर बदलण्याच्या या त्रासाला उन्हाची जोड मिळते. बदल्या, शाळांच्या सुट्ट्या, लग्नं सगळी मे महिन्यात, आणि तेव्हा कलबुर्गीचा पारा 42 अंशांवर जातो. सशाला सुखाचं तापमान विशीच्या आसपास. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. टेंपोत ताडपत्रीखाली सामानाबरोबर त्याला दुपारी नेणं म्हणजे मारणंच. उजाडायच्या आत, कुणीतरी जवळ घेऊन न्यावं. नव्या घरात आपली शहाबादी फरशी ओली करून द्या, पण अर्ध्याच जागेत; उरलेल्या जागेत गोणपाट हवं, नाहीतर तळपाय सोलतात.

"इथं माणसाला पाणी मिळेना, सशाचे कसले लाड?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. दुष्काळ सोसलेल्या मुलखात तो विचारला जाणारच. पण वर सांगितलेल्यात खर्च कुठला? जुनं पोतं, रिकामं खोकं, लावून घेतलेलं दार. नवी गाय दारात आली की आपल्याकडे तिच्या पायांवर पाणी घालून, ओवाळून आत घेतात. हा ससाही आपणच बाजारातून आणलाय, तो काही चालत आलेला नाही.

सर्वांत वाईट युक्तिवाद मात्र दयेचा वेष घेऊन येतो: "आता सांभाळणं होत नाही, रानात सोडू, मोकळा जगेल." आपल्या तुरीच्या शिवारात दिसणारा रानससा वेगळ्याच जातीचा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पिंजऱ्यातल्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. तो औरादच्या माळावर सोडला तर त्याला ना बीळ सापडेल, ना सावली. कुत्र्यांना मात्र तो लगेच सापडेल. सांभाळणं खरंच होत नसेल तर ओळखीच्या घरी द्या. देताना त्याचं खोकं, मळकं गोणपाट, आठवड्याचं गवत सोबत द्या आणि तो किती वाजता खातो तेही सांगा.