अर्न : सुगीतून आलेला शब्द

बँकेच्या कागदावर व्याजाच्या रकमेपुढे ‘इंटरेस्ट अर्न्ड’ असे छापलेले असते. मुले विचारतात, “अब्बा, बँकच म्हणते कमावले, मग आपण ते का वापरत नाही?” प्रश्न रास्त आहे. आधी शब्द पाहू.

‘अर्न’चे जुन्या इंग्रजीतले रूप ‘एअर्नियन’. कष्टाने मिळवणे आणि मोबदल्यास पात्र ठरणे, हे दोन्ही अर्थ त्यात होते. मुळाशी आहे शेतातली कापणी. जर्मन भाषेत सुगीला आजही ‘एर्न्टे’ म्हणतात. लोप पावलेल्या गॉथिक भाषेत ‘असन्स’ म्हणजे सुगीच. उन्हात वाकून पीक कापले, ती कमाई. ‘गेट’ म्हणजे नुसते मिळणे. लॉटरी लागते, ती कोणी ‘अर्न’ करत नाही. पुढे मात्र खात्यात पडून राहिलेला पैसाही ‘अर्न’ करतो असे इंग्रजीत म्हणू लागले. घाम गेला, शब्द उरला.

आपणही चामडे कमावतो, शरीर कमावतो; तिथे मेहनत आहेच. अरबीतला शब्द ‘कस्ब’. कुरआनात तो केवळ पैशापुरता नाही, माणसाच्या कर्मांसाठी येतो, चांगल्या आणि वाईटही. गुनाहसुद्धा कमावला जातो! तेव्हा कागदावर ‘अर्न्ड’ छापले म्हणून व्याज हलाल होत नाही, हे मुलांना याच शब्दावरून समजावता येईल.

नोकरदारांच्या ‘अर्न्ड लीव्ह’मध्ये मात्र जुना अर्थ शाबूत आहे. ती रजा कामाच्या दिवसांच्या हिशोबानेच खात्यात जमा होते.