कीडनोंदींचा सर्व्हर : उभारणी सोपी, राखण अवघड

गादमाशीला प्रतिकारक म्हणून लावलेल्या भाताच्या वाणात एखाद्या गावी अचानक चंदेरी पोंगे दिसू लागले, तर दोन शक्यता संभवतात. एक तर बियाण्यात भेसळ झालेली असते, किंवा त्या परिसरात गादमाशीचा नवा जैवप्रकार स्थिरावलेला असतो. भेसळ असेल तर पुढील हंगामात शुद्ध बियाणे देऊन प्रश्न सुटतो. नवा जैवप्रकार असेल तर तो वाणच त्या टापूतून मागे घ्यावा लागतो. भारतात या किडीचे सात जैवप्रकार ओळखले गेले आहेत, आणि रायपूरच्या शेतात टिकणारा वाण वरंगळला टिकेलच असे नाही. अंतिम निर्णय नियंत्रित चाचणीनेच होतो. परंतु चाचणीसाठी माश्या कोणत्या गावातून गोळा कराव्यात, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. त्या गावात, त्याच वाणावर, मागील सात-आठ वर्षांत पोंग्यांचे प्रमाण किती होते?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाशी येऊन शोध थांबतो. निरीक्षणे झालेली असतात. कीड सर्वेक्षक चिखल तुडवून शेतात गेलेला असतो, चुडांवरील तुडतुडे मोजलेले असतात, प्रकाश सापळ्यातील पतंगांची रोज सकाळी गणना झालेली असते. पण २०१७ ची नोंद वहीत, २०१९ ची एका एक्सेल फाइलमध्ये आणि त्यानंतरची बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपवर अशी ती विखुरलेली असते. या दुखण्यावर डेटाबेस सर्व्हर हा उपाय आहे, हे आता सर्वांनाच पटलेले दिसते. तो बसवून झाला की काम संपले, ही समजूत मात्र तितकीच सार्वत्रिक आहे आणि ती घातक आहे.

रायपूरला नोंदींचे मोल शिकवावे लागू नये. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी या भूमीत भाताचे सतरा हजारांहून अधिक देशी वाण गोळा केले. तो संग्रह आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आहे. २००२ मध्ये एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी होऊ घातलेल्या करारावरून याच संग्रहाबाबत मोठे वादळ उठले आणि तो करार बारगळला. वाद बियाण्याचा होता, तसाच त्या बियाण्याविषयीच्या माहितीचाही होता. कोणता वाण कोठून आला आणि त्याचे गुणधर्म कोणते, याची नोंद नसेल तर पिशवीतले भात केवळ धान्य उरते. कीडनोंदींचेही तसेच आहे. गाव, तारीख, वाण आणि पिकाची अवस्था यांच्यावाचून 'प्रति चूड बारा तुडतुडे' या आकड्याला काही अर्थ नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्राने २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्प उभा केला. केंद्राची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली १५ ऑगस्ट २०२४ पासून उपलब्ध झाली. मग संशोधन केंद्राने किंवा कृषी विज्ञान केंद्राने स्वतःचा सर्व्हर कशाला बाळगावा? उत्तर असे, की या प्रणालींचा मुख्य हेतू आजचा सल्ला आजच देणे हा आहे, आणि त्यांचा लाभ घेतलाच पाहिजे. पण स्थानिक प्रयोगांच्या नोंदी, प्रकाश सापळ्यांच्या दीर्घ मालिका, वाणनिहाय निरीक्षणे यांचा सांभाळ ज्याने त्या घेतल्या त्यालाच करावा लागतो. आठ वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारण्याची वेळ त्याच्यावरच येते.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे काही अद्भुत यंत्र नव्हे. कार्यालयातील एखाद्या सुस्थितीतील संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली आणि तीवर पोस्टग्रेस्क्यूएल हा मोफत डेटाबेस बसवला, की एका जिल्ह्याच्या कीडनोंदींसाठी पुरेशी व्यवस्था उभी राहते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत सुरू झालेल्या प्रकल्पातून हा डेटाबेस विकसित झाला असून त्यास परवाना शुल्क नाही. बसवण्याचे काम माहीतगार माणसाला एका दुपारचे आहे. बसवल्यानंतर तो मूळ स्थितीत फक्त त्याच संगणकावरून येणारी जोडणी स्वीकारतो. हे बंधन अडचणीचे वाटते म्हणून अनेक जण पहिल्याच दिवशी ते काढून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकतात. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातील हजारो मोंगोडीबी डेटाबेस याच चुकीमुळे खंडणीखोरांच्या हाती पडले. त्यांना पासवर्डसुद्धा नव्हता. सर्व्हर कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातच ठेवावा, आणि बाहेरून जोडणी हवीच असेल तर ती सुरक्षित खासगी मार्गाने द्यावी. नोंदींसोबत शेतकऱ्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही.

तक्ता आखण्याचे काम मात्र संगणकतज्ज्ञावर सोपवून चालणार नाही. गोंदियात जिला गादमाशी म्हणतात तिलाच सीमेपलीकडे छत्तीसगढमध्ये गंगई म्हणतात, आणि तुडतुड्यांना तिकडे माहू. ज्याने त्याने आपापल्या शब्दात नाव लिहिले तर एकच कीड डेटाबेसमध्ये तीन किडी होऊन बसते. म्हणून किडींची, गावांची आणि वाणांची यादी आधी निश्चित करून सर्वेक्षकाला त्यातूनच निवड करू द्यावी. एकक प्रति चूड की प्रति चौरस मीटर, हे स्तंभाच्या नावातच असावे. तारीख '०७-०८' अशी लिहिली तर ती सात ऑगस्ट की आठ जुलै, हे दहा वर्षांनी कोणालाही सांगता येणार नाही. तारखेसाठी तारखेचाच स्तंभ हवा.

याहून महत्त्वाचा भेद शून्य आणि रिकामी जागा यांच्यातला आहे. शून्य म्हणजे सर्वेक्षक शेतात गेला, वीस चूड तपासले आणि कीड आढळली नाही. रिकामी जागा म्हणजे कोणी गेलेच नाही. एक्सेलमध्ये नीटनेटकेपणाच्या नादात रिकाम्या चौकटी शून्याने भरल्या जातात आणि न झालेल्या निरीक्षणांमधून कीडमुक्त गाव तयार होते. त्या गावच्या शेतकऱ्याला मग सल्ला उशिरा मिळतो. डेटाबेसमध्ये हा भेद स्वतंत्रपणे जपता येतो, पण तो जपायचा आहे असे कीटकशास्त्रज्ञाने आधी सांगावे लागते. एक्सेलवर विसंबण्याची किंमत ब्रिटनने २०२० मध्ये मोजली. जुन्या स्वरूपाच्या फाइलची ओळींची मर्यादा संपल्याने कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. कोणी चूक केली असे त्या क्षणी कोणाला जाणवलेही नाही.

मराठी-हिंदी नोंदींसाठी एक सूचना आवश्यक आहे. डेटाबेस निर्माण करतानाच त्याची अक्षरसंहिता यूटीएफ-८ ठेवावी. जुन्या मायएसक्यूएलमध्ये मूळ संहिता लॅटिन असे, आणि त्यात भरलेल्या गावांच्या नावांची प्रश्नचिन्हे होत. श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकात पूर्वी लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच आत घ्यावा.

अधिकारांची वाटणी शेतीच्या भाषेत सांगायची तर विहिरीची चावी सगळ्यांकडे नसते, तशी आहे. सर्वेक्षकाला नोंद घालता यावी, जुनी पुसता येऊ नये. कीड नियंत्रकाला दुरुस्ती करता यावी, पण दुरुस्ती कोणी व केव्हा केली ते उमटावे. विस्तार अधिकाऱ्याला केवळ वाचन पुरे. सर्वाधिकारी खाते रोजच्या कामासाठी वापरणे म्हणजे कोठाराचे दार सताड उघडे ठेवून धान्य मोजणे होय. प्रत्यक्षात मात्र एकच पासवर्ड साऱ्या कार्यालयाला तोंडपाठ असतो.

पावसाळ्यात वीज जाते, संगणक बंद पडतो, आणि माहिती गेली अशी धास्ती घेतली जाते. येथे पोस्टग्रेस्क्यूएलची रचना जुन्या पेढीसारखी आहे. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि मग खतावणीत चढतो. मध्येच वीज गेली तर सुरू होताना तो रोजकीर्द वाचून खतावणी पूर्ण करतो. वेग वाढवण्याच्या मोहाने ही सोय बंद करणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून सर्व्हर जपावा. जळालेल्या डिस्कवर किंवा चुकून दिलेल्या 'सर्व पुसा' या आज्ञेवर मात्र रोजकीर्दीचा इलाज पुरत नाही. तेथे बॅकअपच लागतो.

आणि बॅकअपच्या बाबतीतच सर्वाधिक आत्मवंचना चालते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. नित्य बॅकअप घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे असल्याने ते निमूटपणे अपयशी ठरत होते, आणि अपयशाची सूचना देणारे ई-मेल पोहोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी तरली. जेथे पगारी तज्ज्ञांची फौज होती तेथे ही स्थिती, तर जिल्ह्याच्या कार्यालयाने 'बॅकअप चालू आहे' या वाक्यावर किती विश्वास ठेवावा? रोज रात्री आपोआप प्रत निघावी, ती दुसऱ्या यंत्रावर जावी आणि एक प्रत इमारतीबाहेर असावी, एवढे तर हवेच. पण महिन्यातून एकदा ती प्रत निराळ्या संगणकावर उघडून, ओळी मोजून, मागील आठवड्याची एखादी नोंद शोधून पाहिली नाही, तर तो बॅकअप आहे असे म्हणता येणार नाही. बियाण्याची उगवणक्षमता गोणीकडे पाहून कोणी ठरवत नाही.

हे काम कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्राला तरतूद असते, रंगीत आलेख दाखवणाऱ्या डॅशबोर्डला तर हमखास असते, राखणीला मात्र नसते. सर्व्हर एखादा उत्साही संशोधन सहयोगी बसवतो, त्याची मुदत संपते, आणि त्याच्याबरोबर पासवर्डही जातो. पोस्टग्रेस्क्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती सुमारे पाच वर्षेच दुरुस्त्या मिळवते. म्हणजे तीन वर्षांच्या प्रकल्पानंतर सोडून दिलेला सर्व्हर थोड्याच काळात असुरक्षितही होतो. हवामान वेधशाळेत रोज ठरावीक वेळी तापमान वाचणाऱ्याचे नाव कर्तव्यसूचीत असते. तसेच सर्व्हरची डिस्क किती भरली, रात्रीची प्रत निघाली का, दुरुस्त्या चढवल्या का, हे पाहणाऱ्याचेही असले पाहिजे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन तास, एक छापील कार्यपद्धती आणि रजेच्या काळात काम सांभाळणारा दुसरा माणूस पुरतो. बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक स्ट्रेस प्रबंधन संस्थान आणि कृषी विश्वविद्यालय एकाच शहराच्या परिसरात असल्याने, छत्तीसगढची आणि सीमेवरील गोंदिया, गडचिरोलीची कृषी विज्ञान केंद्रे यांच्यासाठी अशा राखणदारांचे प्रशिक्षण रायपुरात सहज घेता येईल.

प्रगतिशील शेतकऱ्यांनीही येथे मागणी करायला हवी. शेतात मोजणी करू देणाऱ्याला आपल्या गावच्या मागील पाच हंगामांच्या नोंदी पाहण्याचा नैतिक हक्क आहे. कीड सर्वेक्षक पुढच्या वेळी बांधावर येईल तेव्हा त्या मागून पाहाव्यात. दहा मिनिटांत मिळाल्या तर केंद्राचा सर्व्हर कोणीतरी सांभाळत आहे असे समजावे. नाही मिळाल्या, तर रोवणीपूर्वी केंद्रप्रमुखांना तीन गोष्टी विचाराव्यात : शेवटची प्रत उघडून कधी पाहिली, कोणी पाहिली, आणि सर्वाधिकारी पासवर्डचे मोहोरबंद पाकीट कोणाच्या कपाटात आहे.