रंग उतरवायचा कधी?

परवा एका निमसरकारी कचेरीत सूचनाफलकासमोर पाच मिनिटं उभा होतो. काम तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती, हे एक कारण. दुसरं कारण खुद्द फलक. कचेरीच्या नाट्यसंघाचं त्यावर जाहीर अभिनंदन होतं. हौशी स्पर्धेत तिसरं पारितोषिक, दिग्दर्शनाला उत्तेजनार्थ, चौदा कलावंतांचे फोटो, खाली मोठ्या साहेबांची सही. तालमींसाठी संघाला पंधरा दिवस दुपारी चारनंतर मोकळीक दिली होती, हेही अभिमानाने लिहिलेलं. आणि याच कचेरीत, याच महिन्यात, रोखविभागातल्या एका पोराने शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी दोन दिवसांची रजा मागितली, ती नामंजूर झाली. वर प्रवचन फुकट. "घरी दोन लेकरं आहेत ना तुला? आयुष्यात जरा समतोल ठेव."

पोरगा म्हणतो ते सवयीने. सदतीस वर्षांचा आहे तो. आमच्याच व्यायामशाळेतला, म्हणून ही हकिकत माझ्यापर्यंत आली. नाही तर अशा रजा रोजच नामंजूर होत असतात आणि त्यांचा फलक कुणी लावत नाही.

'समतोल' या शब्दाशी माझं काय वैर आहे ते या स्तंभाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाचा डबा बहुधा दुसरंच कुणीतरी भरत असतं, हे माझं निरीक्षण मी मागे एकदा लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं अजून जपून ठेवली आहेत. ती जवळपास सगळी पुरुषांची आहेत.

तर आज नट आणि शरीरसौष्ठवपटू यांना एका तराजूत घालू. दादरचे आमचे नाटकवाले मित्र रागावतील, पण त्यांना ती सवय आहे.

आधी तासांचा हिशेब. हा आकडा मित्राच्याच तोंडचा आहे. स्पर्धेच्या नाटकासाठी साठ संध्याकाळी तालीम, सात ते साडेदहा. म्हणजे दोनशे दहा तास. त्यात शाळेच्या वर्गाची किल्ली मिळेपर्यंतचा वेळ आणि तालमीनंतर फुटपाथवर रंगणाऱ्या 'चर्चा' धरलेल्या नाहीत. आता आमचा रोखपाल. स्पर्धेची तयारी चौदा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज दीड तास वजनं आणि सकाळी अर्धा तास कार्डिओ. झाले एकशे अडुसष्ट. नटापेक्षा बेचाळीस तास कमी. तरी समतोल ढळला तो रोखपालाचा.

बाकी दोघांचं काम इतकं सारखं आहे की हसू यावं. दोघेही रंग लावतात. दोघांनाही प्रकाशयोजनेची चिंता असते. एकाला पार्श्वसंगीत लागतं, दुसऱ्याला पोझिंगचं गाणं. दोघेही विंगेत तासन्‌तास ताटकळतात. नट तिथे संवाद पुटपुटतो. हा टॉवेल गुंडाळून रबर ओढतो, गुळाचा खडा चघळतो, शिरा वर येण्याची वाट बघतो. समोर दोघांच्याही परीक्षक बसलेले असतात आणि निकालानंतर दोघांचंही मत एकच असतं, की परीक्षकांना काही कळत नाही. घरी येताना हातात एक चषक असतो, जो पुढे दहा वर्षं बायको पुसते.

मग कौतुकात एवढी तफावत का? माझ्या मते कारण एकच आहे. नट बोलतो, हा बोलत नाही. संहिता असलेल्या गोष्टीला आपल्या पांढरपेशा घरांत मान आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. रुग्ण सांभाळून ते नाटक करत आणि 1969 मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. याला आपण ध्यास म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. अमोल पालेकर बँकेत नोकरी करत करत नाटकं करत होते, हेही आपण कौतुकाने सांगतो. पण बँकेतला माणूस सहा वाजता काउंटर बंद करून स्क्वॉट मारायला गेला, तर त्याला 'नाद' म्हणायचं. मांड्या वाढवायच्या कशाला, हा प्रश्न हमखास येतो. स्वगत पाठ करायचं कशाला, असं कुणी विचारत नाही.

एके काळी सरकारलाही हा भेद ठाऊक नव्हता. 1953 च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाने कामगारांची नाट्यस्पर्धाही भरवली आणि कामगार केसरीची कुस्तीही. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी राबण्याबाहेरचं काहीतरी हवं असतं, एवढं साधं गणित त्यामागे होतं. ते काहीतरी तोंडाने करायचं की दंडाने, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच यांचं नाव आज जिममधल्या पोरांना सांगावं लागतं. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. 1951 साली लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत ते दुसरे आले. परत न येता तिथेच राहिले, ब्रिटिश रेल्वेत नोकरी धरली आणि 1952 साली आपल्या गटात जिंकले. वयाची चाळिशी आलेली, नोकरी परदेशात आणि संसार कलकत्त्यात. पुढे एकशेचार वर्षं जगून 2016 मध्ये ते गेले. त्यांना समतोलावर व्याख्यान द्यायला त्या काळी कुणी भेटलं नसावं.

आता अंड्यांकडे येऊ, कारण कचेरीतलं खरं भांडण तिथे आहे. ऐंशी किलोच्या माणसाने शरीर कमवायचं म्हटलं, तर दिवसाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, नुसत्या पांढऱ्यात साडेतीनच्या आसपास. म्हणजे अकरा वाजता कपाटांच्या खोलीत डबा उघडणं आलं आणि वास आला. त्या वासाची लेखी तक्रार झाली आहे, मी कागद पाहिला. नाट्यसंघाच्या वाचनाला त्याच मजल्यावर कांदाभजी येत होती. कांदाभजीला बहुतेक सांस्कृतिक वास असावा.

इथे माझं तुणतुणं वाजणारच, माफ करा. मुंबईच्या माणसाचं शरीर जिमने बिघडवलं नाही, लोकलने बिघडवलं. गिरणीच्या पहिल्या पाळीचा कामगार साडेतीनला सुटायचा आणि चालत तालमीत जायचा. घर, गिरणी आणि तालीम हाकेच्या अंतरावर होती. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, घरं बदलापूर-विरारला गेली आणि तालमीचे दोन तास रुळांवर गेले. पुरावा काय, असं आमचे हिशेबतपासनीस मित्र विचारतील. पुरावा 8.12 च्या फास्ट लोकलच्या दारात लटकतो आहे, जाऊन बघा. पकड काय असते ते तिथे दिसतं, फक्त त्याला कुणी चषक देत नाही.

वेळ नसलेल्या माणसाला मग मोबाइल प्रेरणा देतो. पाच वाजता उठा, सबबी सोडा, रॉनी कोलमनकडे बघा. बघितलं. कोलमन हिशेबशास्त्राचा पदवीधर. त्या विषयात नोकरी मिळेना म्हणून पिझ्झाच्या दुकानात राबला, मग टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात पोलीस झाला. 1998 साली पहिल्यांदा मिस्टर ऑलिंपिया झाला तेव्हाही तो पोलिसाच्या नोकरीत होता. तो धरून सलग आठ किताब. हे सगळं खरं. पण त्याच्या पाठीच्या कण्यावर आणि खुब्यांवर पुढे किती शस्त्रक्रिया झाल्या आणि तो कुबड्यांवर आला, ते मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत बसत नाही.

आणि प्रेरणा पुरली नाही की सुई येते. जिममधल्या 'भाई'चं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक कोण? वीस वर्षांचा उनाड पोरगा नव्हे. दोन लेकरांचा, ईएमआयचा, वेळ नसलेला बाप. चौदा आठवड्यांचं काम सहात करून देतो म्हटलं की तो विरघळतो. स्टेरॉइडने हृदयावर ताण येतो, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, शुक्राणू घटतात. घरासाठी वेळ वाचवायला निघालेला माणूस घराच्याच मुळाशी सुई टोचतो. आमच्या रोखपालाने ती घेतली नाही. म्हणूनच तो जिल्ह्याच्या पुढे गेला नाही, असं व्यायामशाळेत हसत हसत म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

इथपर्यंत वाचून रोखपाल खूष झाला असेल. पण त्याने आता पुढचंही वाचावं.

रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. दाराशी दोरीवर उशीचे अभ्रे वाळत होते. पांढऱ्या अभ्र्यांवर तपकिरी डाग, कुठे कानाचा, कुठे अख्ख्या गालाचा. मागच्या वर्षीच्या स्पर्धेचा रंग. दोन-तीन थर चढवतात तो, आणि अंघोळीने लगेच जात नाही. आठवडाभर चादरींवर, दाराच्या कडीवर, धाकटीच्या फ्रॉकवर उतरत राहतो. चहा देता देता त्याची बायको म्हणाली, "काका, नाटकवाल्यांचं बरं असतं. त्यांचा पडदा पडतो."

मी पंधरवडाभर जी तुलना घोळवत होतो, ती तिने एका वाक्यात माझ्यावर उलटवली.

नटाची स्पर्धा संपते. तो क्रीम लावून तोंड पुसतो, टेम्पोत सेट चढवतो आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जातो. निदान जायला मोकळा असतो. हा मात्र स्पर्धा संपली की 'बल्किंग'ला, म्हणजे वजन वाढवायला लागतो आणि ते संपलं की 'कटिंग'ला, म्हणजे चरबी उतरवायला. स्पर्धांचा हंगाम थंडीत सुरू होऊन होळीपर्यंत जातो. त्यामुळे संक्रांतीला मुलीने हातावर ठेवलेला तिळगूळ याने खिशात टाकला. तो धुण्याच्या वेळी सापडला, पँटच्या अस्तराला चिकटलेला. होळीला घरात पुरण शिजलं आणि याने उकडलेलं चिकन वजनकाट्यावर मोजलं. शेवटच्या तीन आठवड्यांत अंगावरची चरबी उतरते तशी झोपही उतरते, भूक डोक्यात जाते आणि माणूस पाण्याच्या ग्लासावरून भांडतो. त्या दिवसांत ती मुलांना घेऊन माहेरी जाते. डबे मात्र आधी भरून ठेवते. सहा.

कचेरी दोन दिवसांची रजा देत नाही म्हणून आपण चिडलो. हिने गेल्या सहा वर्षांत किती रजा मंजूर केल्या, ते कुठल्या फलकावर लिहिलंय? आणि नाटकवाल्या मित्रांनो, फार खूष होऊ नका. साठ संध्याकाळी तुमच्या मुलांचा अभ्यास कोण घेत होतं, ते तुमच्या ब्रोशरमध्येही छापलेलं नसतं. रंग तुमचा लवकर उतरतो, एवढाच फरक.

माझा निकाल असा. कचेरीने नटाला जी मोकळीक दिली, ती सौष्ठवपटूला द्यावी. दंड हाही सांस्कृतिक अवयव आहे असं मानून द्यावी हवं तर. आणि रोखपालाने हंगामाला दोन तारखा ठरवाव्यात, सुरू व्हायची आणि संपायची. त्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायकोसमोर लाल पेनाने गोल कराव्यात. संपायच्या तारखेनंतर तीन-चार महिने आठवड्यातून दोनदा व्यायाम करावा. कमावलेलं शरीर टिकवायला कमावण्याइतका घाम लागत नाही, हे त्याच्या वस्तादालाही ठाऊक आहे. तो सांगत नाही, कारण त्याला महिन्याची फी हवी असते. दंड अर्ध्या इंचाने उतरलाच तर उतरू दे. धाकटीला त्या अर्ध्या इंचाने काही फरक पडत नाही, तिळगुळाने पडतो.

आणि शेवटचं. सहा डबे यापुढे त्याने स्वतः भरावेत. अंडी उकडायला बारा मिनिटं लागतात. स्क्वॉटच्या पाच सेटमधली विश्रांती तेवढीच असते.